काबरीची अंडी

काबरीने खाणं सोडलं आणि पुष्पाच्या जिवाला घोर लागला. माहेराहून आणलेली ही ठिपक्याठिपक्यांची कोंबडी. एरवी पुष्पा मिरच्या तोडायला लागली की तिच्या मागेमागे फिरायची. आता टोपल्यात पिसं फुगवून बसली ती बसलीच. त्या साली नव्यानेच आलेली हायब्रीड ज्वारी समोर टाकली तरी मान वळवेना.

कोंबडी खुडूक झाली की अंड्यांवरून उठत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण पिल्लं निघायची वेळ केव्हाच उलटली होती. काबरीचा तुरा फिका पडला होता, छातीचं हाड हाताला लागत होतं. पुष्पाचा नवरा निवृत्ती म्हणाला, कोंबडी वेडी झाली असेल. एवढं बोलून गडी संग्रामपूरच्या बाजाराला निघाला. हल्ली त्याला बाजाराची फार कामं निघत, कारण घरात बायकोच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

सासू वच्छलाबाईंनी उपाय सांगितला. थंड पाण्यात बुडवायची, नाकात पीस ओवायचं, तिच्या डोळ्यांआड अंडी काढून घ्यायची. दोन दिवसांत विसरते, म्हणाल्या.

विसरते. पोळ्यानंतर पुष्पाचं पहिलं बाळंतपण झालं होतं. बाळ रडलंच नाही. सुईण सोजराबाईने ते फडक्यात गुंडाळून वच्छलाबाईंच्या हाती दिलं आणि त्या पाठ फिरवून बाहेर गेल्या. मेलेलं लेकरू आईला दाखवू नये, तिचा जीव त्यात अडकतो, ही त्यांच्या घरची रीत. मुलगा की मुलगी, तेही सांगायचं नाही. पुष्पाच्या छातीला घट्ट फडकं बांधलं, दूध आटलं, हातात पुन्हा विळा आला. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

दुपारी तिने काबरीखालचं एक अंडं काढून कौलातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत धरलं. आत सावली नाही, शीर नाही. दुसरं धरलं, तेही तसंच. मग तिला उमगलं. कोंबडा होता कुठे? मळ्यात एकटं घर, एकच कोंबडा, आणि तो वच्छलाबाईंनी बाळंतपणाआधीच म्हसोबाला दिला होता. नवस फेडायचा तो काम झाल्यावर, ही जगाची रीत. पण यांना नातवाची घाई. देवाचं आधी देऊन टाकलं की त्याला नाही म्हणता येत नाही, म्हणाल्या. बाजारात तुरी, दुसरं काय! देवाने कोंबडा घेतला आणि वर लेकरूही नेलं. आता कोंबड्याविना घातलेली अंडी काबरी जीव जाळून उबवत होती, आणि ती तिच्याखाली पुष्पानेच मांडली होती.

वच्छलाबाई पाण्याची बादली घेऊन आल्या. काबरीच्या अंगावर फडकं टाकून त्या अंडी उचलणार, तोच पुष्पाने त्यांचा हात धरला.

"असं नोका नेऊ, आत्याबाई. तिले पाहू द्या."

ती टोपल्यासमोर बसली आणि मातीच्या परळात एक अंडं फोडलं. आत नुसतं पिवळं पाणी. परळ तिने काबरीपुढे सरकवला.

"पाह्य माय, यात काहीच नव्हतं. तुह्यापासून कोणी लपवलं नाही."

काबरीने मान वाकडी करून पाहिलं. चोच मारली नाही. पुष्पा एकेक अंडं फोडत गेली. शेवटचं फुटलं तशी काबरी लटपटत उठली, टोपल्याबाहेर आली आणि कुठे जावं ते न कळून तिथेच उभी राहिली. पुष्पाने तिला मांडीवर घेतलं. ती टोचली नाही.

"मले काऊन नाही दाखवलं, आत्याबाई?"

वच्छलाबाईंनी बादली खाली ठेवली. मग त्या हळूहळू सुनेजवळ येऊन बसल्या.

"पोरगी होती," त्या म्हणाल्या. "निंबाखाली मातीत ठेवाच्या आधी म्या फडकं उघडून पाह्यलं. केस लय होते, पुष्पे. तुह्यासारखे."

पुष्पाचा हात आपल्या वेणीवर गेला, आणि आपल्या लेकीसाठी ती पहिल्यांदा मोठ्याने रडली.