कुत्र्याला दिलेला हुकूम

शनिवारी दुपारी मिसेस हॅडली अंडी न्यायला आल्या. बाबा नुकतेच डोंगरावरून मेंढ्या खाली आणून शेगडीशी बसले होते. पायाशी मॉस, आमची कुत्री. बाई इंग्लंडच्या, पण आमच्या वेल्सच्या दरीत राहून राहून वेल्श शिकलेल्या.

"काय हो इथेल, जन्मभर इंग्रजीशी भांडलात, आणि कुत्रीशी तेवढं इंग्रजीत बोलता?"

"हुकूम सोडायला तीच भाषा बरी," बाबा म्हणाले.

इथले सगळेच मेंढपाळ कुत्र्यांना इंग्रजीत हुकूम देतात, हे बाईंना फार उशिरा कळलं. त्या नव्या होत्या तेव्हा, मॉसच्या जन्माआधी, त्यांच्या शेजारचं घर जळालं. घर लंडनच्या कुटुंबाचं, उन्हाळ्यापुरतं उघडणारं. इंग्रज घरं विकत घेतात आणि आमची गावं ओस पडतात, या रागातून त्या वर्षांत आमच्याकडे अशी घरं जाळली जात होती. बाईंनी पोलिसांना सांगितलं, अंधारात एक माणूस कुत्र्याला इंग्रजीत हाका मारत होता. शहरातून आलेल्या साहेबांनी मग कुणा परक्या इंग्रज माणसाचा शोध घेतला. गावात कुणी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

त्या रात्री बाबांच्या कोटाला रॉकेलचा वास होता. मी तो धुतला आणि गप्प राहिले. आत कुणी झोपलेलं असतं तर? हा प्रश्न तेव्हापासून जेवताना, प्रार्थनेला, माझ्या शेजारी येऊन बसायचा.

"शब्द अजून आठवतात मला," बाई टोपली उचलत म्हणाल्या. "लुक बॅक. आग दिसायच्या आधी दोनदा ओरडला. मग कुत्रा घरात शिरला. हे पोलिसांनी विचारलंच नाही."

बाबांनी कप खाली ठेवला.

लुक बॅक. मागे जा, कुणी राहिलंय का बघ. कळपातली मेंढी चुकली की द्यायचा हुकूम.

बाई गेल्या. बाबा शेगडीकडे बघत म्हणाले, "लुनेद, चहा गार झाला गं."

मी दुसरा केला. उद्या बोलू, असं ठरवलं. रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

आमच्याकडे कबरीपर्यंत पुरुषच जातात. बायका मागे राहून हॅम कापतात, पावाला लोणी लावतात. बाबांची शवपेटी उचलायला माणसं अंगणात जमली, तेव्हा मी बैठकीचं दार लावून घेतलं. मॉस पेटीखाली बसली होती.

"तो कोट मी धुतला होता, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "तेव्हापासून मला तुमची भीती वाटायची. घर जाळलंत ते अजूनही पटत नाही. पण आधी कुत्र्याला आत पाठवलंत. आता भीती नाही वाटत."