ओव्याची बिडी

नागम्मा दिवसाला हजार बिड्या वळायची. त्यामुळे तिच्या नवऱ्याच्या, तिप्पण्णाच्या नरड्यात कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा सगळ्या गल्लीची नजर गेली ती तिच्या मांडीवरच्या तंबाखूच्या सुपाकडं. ती मनातून पार खचली.

दवाखान्यात कोबाल्टचं यंत्र होतं. तीस दिवस किरणं घ्यायची. डॉक्टर दाक्षायणीबाईंनी नीट समजावलं, "गाठीच्या मधोमध रक्त पोचत नाही, म्हणजे हवा पोचत नाही. जिथं हवा नाही तिथं किरण बोथट होतात. म्हणून किरणं घेताना मास्क लावून प्राणवायू ओढायचा. आणि बिडी बंद."

नागम्माच्या कानात शेवटचे दोन शब्द तेवढे राहिले. त्याच संध्याकाळी तिनं तोड काढली. पान तेच, दोरा तोच, आत तंबाखूऐवजी भाजलेला ओवा. घशालाही चांगला. रोज दहा बिड्यांची जुडी बांधून ती तिप्पण्णाच्या खिशात ठेवायची. तिप्पण्णा मुकाट ओढायचा. मास्क मात्र तो कडू काढा घ्यावा तसा लावायचा.

पंधरा दिवसांनी बाईंनी घसा तपासला. गाठ कडेनं विरघळली होती, मधे दगडासारखी तशीच.

"बिडी ओढता?"

"तंबाखूला शिवलो न्हाय," तिप्पण्णा म्हणाला. ते खरंच होतं.

नागम्मानं मोठ्या ऐटीत त्याच्या खिशातली जुडी काढून दाखवली. "ओव्याची हाय, बाई. मीच वळते."

बाईंनी एक बिडी बोटांत फिरवली. मग हळूच म्हणाल्या, "नागम्मा, धूर कशाचाही असू दे, तो रक्तातली हवेची जागा अडवतो. आम्ही हवा भरतोय आणि तुम्ही ती काढून घेताय. आता पंधराच दिवस उरलेत."

बाहेर बाकावर बसल्यावर नागम्माला रडू आवरेना. "मीच मारायला बसले की तुमाला."

तिप्पण्णानं जुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मला ती कदीच आवडली न्हाय. बाळंतिणीच्या खोलीचा वास यायचा."

"मग वडत कशाला हुता?"

"तू बिनशिरंची मऊ पानं निवडून वळायचीस. न्हाय कसं म्हणायचं?"

तेवढ्यात आतून हाक आली. तिप्पण्णा आत गेला. दार लोटायच्या आधी नागम्माला दिसलं, त्यानं आपल्या हातानं मास्क तोंडाला घट्ट लावला आणि दिवसाची पहिली बिडी ओढावी तशी छातीभर हवा ओढली.