तळघरावरची झुलती खुर्ची

मी एक जुनी झुलती खुर्ची आहे. डुलताना मी कुरकुरते, स्वभावही तसाच. अमेरिकेतल्या युटाच्या खोऱ्यात ओरसन नावाच्या, मॉर्मन पंथाच्या सुताराने लग्नाआधी मला घडवलं, ते त्याच्या होणाऱ्या बायकोसाठी, थर्झासाठी. अशी खुर्ची सबंध गावात नाही, असं शेजारणी म्हणायच्या.

त्यांच्या पंथात एकाहून जास्त बायका चालायच्या, मग ओरसनने सीनाशी दुसरं लग्न केलं. पहिलीने दुसरीचा हात नवऱ्याच्या हातात द्यायचा, ही त्यांची रीत. थर्झाने तो दिला आणि घरी येऊन माझ्यावर बसून रडली. अंगणापलीकडे सीनाचं घर झालं. ओरसन एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे. आणि मित्रांनो, त्याने तिलाही झुलती खुर्ची करून दिली, तीसुद्धा कातड्याच्या बैठकीची! माझा नुसता जळफळाट झाला.

पुढे सरकारने एक बायको असताना दुसरी करणाऱ्यांची धरपकड सुरू केली. ओरसन डोंगरात लपला. एका सकाळी सीना आपल्या चार वर्षांच्या मुलीला, हुल्डाला घेऊन धावत आली.

"ताई, शिपाई आलेत! मी सापडले तर ह्यांच्याविरुद्ध साक्षीला उभी करतील."

थर्झाने तिला तळघरात उतरवलं, वरची झडप लावली, मला त्या झडपेवर ओढलं आणि हुल्डाला मांडीवर घेऊन बसली.

"ही पोर कोणाची, बाई?" शिपायाने विचारलं.

एक शब्द, आणि सवतीचा काटा निघाला असता. सांगून टाक, असं मी मनात म्हणत होते.

"माझी," थर्झा म्हणाली.

"काय गं, ही तुझी आई?"

हुल्डाला घरी पढवलेलं होतं, परक्याने काहीही विचारलं तरी एकच उत्तर. "मला ठाऊक नाही."

"आई ठाऊक नाही?"

"सकाळी फटके खाल्लेत तिने," थर्झा हसली. "आज मी कुणाचीच आई नाही."

शिपाई गेले. खालून सीनाचा आवाज आला, "ताई, गेले का हो?"

थर्झाने खिडकीतून पाहिलं. रस्ता मोकळा होता.

"अजून नाहीत," ती म्हणाली आणि डुलत राहिली. खाली सीना हुंदके देत होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

बऱ्याच वेळाने हुल्डाने विचारलं, "मावशी, आता आईला खरं सांगू?"

थर्झा ताडकन उठली. मला बाजूला ढकलून तिने झडप उघडली.

मित्रांनो, मला तेलपाणी नाही केलंत तरी चालेल. पोरांना जपा. मोठ्यांचं खोटं त्यांच्या तोंडी घालू नका. मी लाकडाची, पण त्या दिवशी मलाही लाज वाटली.