राजनंदिनीची मुलाखत आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी इन्व्हर्टरची बॅटरी आहे. तीर्थपुरीत रामकिसनच्या घरी जिन्याखाली बसलेली असते. अंगानं जड, स्वभावानं तापट. नवी होते तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू! हळदकुंकू लावून मला घरात घेतलं. लाइट गेली की आख्खी गल्ली घामाघूम आणि आमच्याकडे पंखा गरगर. पुढे कौतुक विटलं. मला लागतं डिस्टिल्ड वॉटर, तर घरच्या द्वारकाबाईनं बोअरचं ओतलं. "पानी ते पानी, त्यात काय!" म्हणाली. तेव्हापासून माझा जीव निम्मा झाला.

त्यांची मुलगी राजनंदिनी. एम.टेक. झालेली. लोखंडी सळईला आतून गंज कसा धरतो, यावर तिला पीएच.डी. करायची होती. पण नुसत्या मार्कांवर ते होत नाही हो! ज्या प्राध्यापकाच्या प्रकल्पात जागा असेल, तो शोधावा लागतो. जागा मिळाली तरच शिष्यवृत्ती, आणि शिष्यवृत्तीशिवाय घराला खर्च झेपणारा नव्हता. पोरगी ईमेल लिहून थकली. कोणी म्हणे जागा भरली, कोणी उत्तरच देईना. शेवटी एका सरांनी ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. रामकिसन म्हणाले, "हे झालं तर झालं. न्हाई तर मंग पोरीला बघायला येतो म्हननाऱ्या पाव्हण्यांना हो म्हनू."

मुलाखत नेमकी दुपारच्या भारनियमनात. तिच्या लॅपटॉपची स्वतःची बॅटरी केव्हाच मेलेली, वायर काढली की तो बंद. लॅपटॉप आणि नेटचा राउटर, सगळी मदार माझ्यावर. "आई, पंखाबिंखा काही लावू नको हं," असं बजावून तिनं आतल्या खोलीचं दार लावलं.

आता माया कशी नडते बघा. पोरीची परीक्षा म्हणून कडूबामामा गावाहून नारळ घेऊन आले. शेजारच्या गोजरबाई आल्या, अकबरबी आल्या. सगळे बाहेरच्या खोलीत कुजबुजत बसले. द्वारकाबाईचा जीव वरखाली झाला. "एवढ्या उकाड्यात मानसं अशीच बसवू का?" तिनं एक पंखा लावला. मग दुसरा लावला. वर पन्ह्यासाठी मिक्सर! अगं बाई, थांब की! माझ्या पोटात कळा यायला लागल्या. इन्व्हर्टर टूं टूं करू लागला. मामा म्हणाले, "कोनाचा तरी फोन वाजून राह्यला."

आत राजनंदिनी काय सुरेख बोलत होती! सरांनी कौतुकानं तिच्या प्रयोगाबद्दल विचारलं. ती सांगायला लागली आणि मी संपले. पडदा काळा झाला. तिनं मोबाइल घेतला, तर लाइटीबरोबर रेंजही गेलेली.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. आईनं पन्ह्याचा पेला पुढं केला. "कसं झालं गं?" पोरीनं आईकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं.

"बराबर झालं," म्हणाली आणि पन्हं प्यायली.

तिनं सरांना सगळं लिहून कळवलं. सरांनी सभ्यपणे उत्तर दिलं की जागा दुसऱ्याला दिली आहे, पुढच्या वर्षी अर्ज करा. घरात तिनं खरं कारण सांगितलंच नाही. द्वारकाबाई शेजारणींना सांगते, "पोरीला इंग्रजी जमलं न्हाई वो." पोरगी तिथंच बसून ऐकते. मला वाचा असती ना, तर फाडकन बोलले असते!

मित्रांनो, बॅटरीला वेळच्या वेळी तिचं पाणी द्या. आणि दाराआड कोणी मुलाखत देत असेल, तर थोडा उकाडा सोसा. घामानं कोणी मरत नाही.

येत्या रविवारी राजनंदिनीला पाहायला पाव्हणे येणार आहेत. त्यांना उकडू नये, म्हणून माझ्या जागी नवी बॅटरी आणायचं ठरलंय.