आईची साक्ष

नेरूळला उजगऱ्यांच्या घरी दर शुक्रवारी कॉटेज प्रार्थना भरायची. चर्चची मंडळी जमायची, गाणी व्हायची, मग ज्याचं प्रभूनं काही भलं केलं असेल तो उभा राहून साक्ष द्यायचा. दिलेली साक्ष कुणी मागे घेत नसे.

त्या वर्षी उजगऱ्यांच्या करुणाच्या आईला कॅन्सर निघाला. दोन केमो झाल्या, केस गेले. मंडळीतले साळवेकाका म्हणू लागले, "औषधावर भरवसा म्हणजे प्रभूवर संशय." पप्पा बिचारे डळमळले. सोमवारी तिसरी केमो होती आणि ती चुकू नये, एवढंच करुणाला हवं होतं.

करुणा एम.ए. करत होती, हिंदी सिनेमातल्या धर्मावर प्रबंध लिहीत होती. एम.ए.च्या पोरींना वाटतं, माणसाला नीट समजावलं की त्याला पटतंच. तिनं भाड्यानं व्हीसीआर आणला आणि शुक्रवारी सगळ्यांना एक प्रसंग दाखवला. नायिका क्रूसापुढे डोकं आपटते, वीज कडाडते, इस्पितळात तिची मेलेली आई डोळे उघडते.

"हा देव सिनेमावाल्यांनी तिकिटं खपवायला बनवलाय," करुणा म्हणाली. "रडलं की देतो. आपण पण आता ह्यालाच येशू म्हणायला लागलोय. आईला डॉक्टरकडे जाऊ द्या ना."

एक अक्षर चुकीचं बोलली नाही पोरगी. पण बायका अजून डोळे पुसत होत्या, तेवढ्यात साळवेकाका उठले. "उजगरे, पोरीला शिकवलंत आणि तिचा विश्वास घालवून बसलात. ज्या घरात असा अविश्वास, तिथं प्रभू हात कसा लावेल?"

पप्पांनी मान खाली घातली. आई अजून जिवंत समोर बसलेली, आणि तिच्या मरणाचं खापर या लोकांनी करुणाच्या डोक्यावर फोडूनसुद्धा टाकलं.

तेव्हा आई भिंतीला धरून उभी राहिली, डोक्यावरचा पदर सावरत.

"मला साक्ष द्यायचीय," ती म्हणाली. "प्रभूनं मला बरं केलंय. माझ्या करुणाच्या प्रार्थनेनं."

घरभर हालेलुया झालं. साळवेकाकांनी करुणाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

सोमवारी करुणा रिक्षा घेऊन आली, तर आई गाऊनवरच बसलेली.

"मी नाही येत. आता हॉस्पिटलात गेले तर साक्ष खोटी पडेल. पुन्हा तुझ्या मागे लागतील सगळे."

"आणि तुला काही झालं तर नाही पडणार खोटी?"

"तेव्हा म्हणतील, प्रभूनं बोलावलं. तुझं नाव नाही घेणार कुणी. तू टेन्शन घेऊ नको."

करुणाचा बांध फुटला. "आई, मी प्रार्थना केलीच नव्हती गं. एकदाही नाही."

"ठाऊक आहे मला." आईनं तिला जवळ ओढलं. "मग आता कर."

करुणा गुडघ्यांवर बसली. आई डोळे मिटून तिच्या पहिल्या शब्दाची वाट बघत राहिली.