रस्त्यात राहिलेले दगड

मंडळी, हल्ली भीती मोबाइलवरून घरात येते आणि आपण तिला पाट मांडून बसवतो. मांडवगण फराट्याच्या जयसिंगरावांकडे ती सकाळीच आली.

त्यांच्या स्नेहलची रत्नागिरीला समुद्री जीवांच्या अभ्यासासाठी निवड झाली होती. येणार की नाही, हे आजच कळवायचं होतं. आणि जयसिंगरावांनी नेमका शार्कनं माणूस ओढून नेल्याचा व्हिडिओ पाहिला!

"न्हाई म्हंजी न्हाई! एकुलती एक पोर माशाच्या तोंडी देऊ व्हय?"

त्यांची धाकटी बहीण अनुपमा दौंडला नर्स होती. संध्याकाळी रात्रपाळीच्या ड्युटीवर जायच्या आधी ती भावाकडे आली होती.

"दादा, साऱ्या जगात मिळून शार्कचे हल्ले होतात वर्षाला साठ-सत्तर. मरणारी माणसं दहाच्या आतबाहेर. आन् आपल्या देशात रस्त्यावर वर्षाला दीड लाखाच्या वर जातात! त्यातली काही माझ्या डोळ्यांदेखत जातात. त्याची न्हाई वाटत भीती?"

"रस्ता रोजचाच हाय. तुझे आकडे तुझ्यापाशी ठेव!"

स्नेहलचे डोळे भरून आले होते. जयसिंगराव मात्र तरातरा बाहेर पडले आणि उसाचा ट्रॅक्टर घेऊन पाटसच्या कारखान्याकडे निघाले.

वाटेत पुलाच्या अलीकडे ट्रॉली पंक्चर झाली. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांनी मागच्या गाड्यांना कळावं म्हणून डांबरावर मोठाले दगड मांडले. चाक बदललं. मग कारखान्यात नंबर मागं पडेल म्हणून घाईनं ट्रॅक्टर हाकला. दगड तिथंच राहिले. अहो, दगड उचलायला आपल्यात वाकतो कोण!

दिवस मावळताना ते कारखान्यात रांगेत उभे होते, तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, स्नेहल मला स्कूटीवर दौंडला सोडत होती. पुलाजवळ पडलो. रस्त्यात कुणीतरी दगड टाकलेत!"

जयसिंगरावांनी फोन कानाशी घट्ट धरला. "पोर... पोर हाय ना?"

"हाय. मागच्या ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला. चाक तिच्या डोक्यापाशी थांबलं, दादा! ये लवकर."

ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आले. स्नेहल रस्त्याकडेला बसली होती. कोपर फुटलं होतं आणि आत्यानं बळंच घालायला लावलेलं हेल्मेट तडकलं होतं. लोक दगड टाकणाऱ्याला शिव्या घालत होते.

"शिव्या मला द्या," जयसिंगराव म्हणाले. "ते दगड माझे हाईत."

ते वाकले आणि एकेक दगड उचलून कडेला नेऊ लागले. शेवटचा दगड ठेवून ते लेकीसमोर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

"हजार कोसावरच्या माशाला भ्यालो गं! आन् तुझा काळ मीच वाटंत मांडून गेलो! रत्नागिरीला कळव, येते म्हणून. आत्ता कळव."

स्नेहलनं दुखऱ्या हातानं फोन काढला. अनुपमा डोळे पुसत होती.

बंधुभगिनींनो, शार्क आपल्या शिरूर-दौंडला यायचा नाही. दगड मात्र आपणच ठेवतो. मरण दूरच्या समुद्रात शोधू नका. गाडी हलवण्याआधी खाली उतरा आणि आपला दगड उचला. मागून येणारं लेकरू कुणाचंही असेल, कदाचित तुमचंच!