तेरावं आणि चौदावं

आमच्या दादाच्या मते, म्हणजे त्याच्या धर्मग्रंथाच्या हिशेबाने, पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं आहे. साधारण. पाच-पंचवीस वर्षं इकडेतिकडे झाली तर तो वाद घालत नाही, तेवढा तो उदार आहे. गेली एकोणीस वर्षं तो गावोगावच्या सभागृहांत उभा राहून हे सांगतो. मी त्याचा धाकटा भाऊ, एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत माणसांची गुणसूत्रं मोजतो. दिवसाला पाच-सहा माणसांची, सव्वीस वर्षं. आई म्हणायची, माझ्या एका पोराने जगाचं वय मोजलं, दुसऱ्याने पेशीतले धागे मोजले, पण सिलिंडरमध्ये गॅस किती उरलाय ते दोघांपैकी एकालाही कधी सांगता आलं नाही.

दादाच्या भाषणातला एक मुद्दा माझ्या कामातला असतो. मोठ्या वानरांच्या पेशीत अठ्ठेचाळीस गुणसूत्रं, माणसाच्या पेशीत सेहेचाळीस. आमच्या शास्त्राचं म्हणणं असं, की कुठल्याशा पूर्वजात दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून एक झाली. त्या सांध्याची खूण आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या पोटात अजून सापडते. इथे दादा थांबतो, चष्मा काढतो आणि विचारतो, "ज्या जिवाची दोन गुणसूत्रं चिकटली, तो जगेल का? जगला तर धडधाकट असेल का? त्याला लेकरं होतील का?" मंडळी हसतात. मी एकदा शेवटच्या रांगेत बसून हे ऐकलं होतं. मीही हसलो, कारण त्याने चष्मा परत घातला तो उलटा.

घरात यावर भांडण होत नसे. विषय निघाला की वहिनी दोघांच्या हातात भांडी पुसायला एकेक फडकं द्यायची. चार वर्षांपूर्वी वहिनी गेली आणि आमचा वादही गेला. ऐकून हसणारं कोणी नसलं की वादात राम राहत नाही.

दादाची एकुलती एक मुलगी म्हणजे आमचं बटण. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मीच ते नाव ठेवलं, आणि आता छत्तिसाव्या वर्षीही ते तिला चिकटून आहे. ती शाळेत भूगोल शिकवते. पृथ्वीचं वय वर्गात सांगते, बापाच्या घरी विषय बदलते. तिला तीनदा दिवस राहिले. पहिलं नवव्या आठवड्यात गेलं, दुसरं अकराव्या, तिसरं चौथा महिना लागता लागता. मग तिच्या डॉक्टरांनी नवराबायको दोघांचं रक्त आमच्याकडे पाठवलं.

नात्यातल्या माणसाचा नमुना आपण पाहायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. म्हणून तिचा नमुना माझ्या सहकारी बाईंनी पाहिला. दहाव्या दिवशी त्या म्हणाल्या, "बटणने तुम्हाला दाखवायची परवानगी दिलीय. जरा इकडे या."

पडद्यावर पंचेचाळीस गुणसूत्रं होती. तेरावं आणि चौदावं एकमेकांना चिकटून एक झालं होतं.

बटण बाहेर बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसून सांगितलं, "तुझ्यात कमी काही नाही. सामान सगळं आहे, फक्त दोन ट्रंका एकत्र बांधल्यात. तुला त्याचा त्रास नाही. अंडं तयार होताना वाटणी करायची वेळ आली की घोळ होतो. कधी वाटणी नीट होते, कधी नाही."

"नीटही होते?"

"बऱ्याच जणींना होतात की मुलं. नशीब म्हण."

"बाबांसमोर नशीब म्हणू नका." मग तिने विचारलं, "मी काही केल्यामुळे झालं का हे, काका?"

"तू जन्माला आलीस. एवढंच केलंस."

"मग हे तुम्ही बाबांना सांगा. तिसऱ्या वेळी ते मला म्हणाले, तुझ्या मनात कुठेतरी शंका असणार, ती काढून टाक, मग देव देईल. चार महिने मी शंका शोधत बसलेय. शोधल्या की सापडतात हो." तिने पर्सची चेन उघडली, लावली. "मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय, माझी चूक नव्हती म्हणून. बाकी पृथ्वीचं वय त्यांना हवं ते ठेवू देत."

हे आईकडून आलं की बापाकडून, हे डॉक्टरांनाही हवं होतं. म्हणजे त्या बाजूच्या नातेवाइकांना सावध करता येतं. आई उरली नव्हती. मी दादाकडे गेलो. तो दुसऱ्या दिवशीच्या भाषणासाठी सदऱ्याला इस्त्री करत होता.

"एक नळी रक्त दे," मी म्हणालो. "मुंगी चावल्याएवढं दुखतं."

"माझ्या अंगात काही चिकटलेलं नाही."

"नसेल तर तसा कागद मिळेल. फ्रेम करून सभागृहात लाव."

"तिच्या आईकडून आलं असेल," तो जरा जास्तच घाईने म्हणाला.

"वहिनी आता नाही म्हणायला येणार नाही. सोयीचं आहे."

 इस्त्री एकाच जागी राहिली होती. वास यायला लागला तेव्हा मीच ती उचलली.

दादा नाही तर दादाचा भाऊ. माझ्यातही तेरावं-चौदावं जोडलेलं निघालं, तर ती खोट आमच्या आईबापांकडून आलेली, आणि बटणला ती तिच्या बापाकडून. वहिनी सुटली. माणूस आणि वानर यांच्याबद्दल आम्ही हेच तर म्हणतो: एकच खोट एकाच जागी दोघांत सापडली, तर दोघांनी ती वेगवेगळी पैदा केली असं मानण्यापेक्षा एकाच घरातून आणली असं मानणं शहाणपणाचं. मी हिरव्या झाकणाच्या नळीत माझं रक्त भरलं आणि बाईंच्या हातात दिलं.

दहाव्या दिवशी बाईंनी हाक मारली नाही. उठून मला आपली खुर्ची दिली. पडद्यावर पुन्हा पंचेचाळीसच होती.

आता हे सांगायला हवं, की आम्हा नवराबायकोला मूल नाही. बावीस वर्षांपूर्वी दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं. बायको तेव्हा सायकलने कामावर जायची. तिने ठरवलं की सायकलमुळे झालं, आणि सायकल विकली. पुढे तो विषयही आम्ही काढून टाकला. या काळात मी तीसेक हजार माणसांची गुणसूत्रं मोजली. त्यांत अशाच कारणाने आलेली कितीतरी जोडपी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे तर दिवा माझ्याच हातात होता. वेळ मिळाला नाही, असं म्हणता येईल. खरं म्हणजे मला पाहायचं नव्हतं. सायकल बरी होती.

बायको मटार सोलत होती. तिने कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला.

"म्हणजे सायकल नव्हती."

"नव्हती."

"तुला तेव्हा पाहता आलं असतं?"

"हो."

ती बराच वेळ सोलत राहिली. दाणे कुठे आणि सालं कुठे, याचं तिला भान नव्हतं. "बटण किती दिवस शंका शोधतेय म्हणालास?"

"चार महिने."

"मी बावीस वर्षं शोधतेय," ती म्हणाली. "तुझ्याशी काय बोलायचं ते मी नंतर बघेन. आधी ऊठ. दादांकडे चल, आणि तिलाही बोलावून घे."

तासाभराने आम्ही चौघं दादाच्या बैठकीत बसलो होतो. मी बटणचा आणि माझा, दोन्ही कागद त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले, त्याच्या पुतळ्यासारख्या बसण्याकडे न बघता सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं. दादा मूर्ख नाही, हीच त्याची अडचण आहे.

"दोघांत वेगवेगळं झालं असेल," तो म्हणाला. "निर्मात्याला एकच आराखडा दोनदा वापरता येतो."

"आराखडा वापरता येतो, दादा. एकच चूक दोनदा, त्याच जागी, सख्ख्या काका-पुतणीत?"

"तू मला वानरावर आणतोयस."

"मी तुला तुझ्या भावावर आणतोय. फरक फार नसेल."

बटण हसली नाही. तिने फक्त विचारलं, "बाबा, रक्त द्यायला काय हरकत आहे? तुमच्या भाषणाला मी हात लावत नाही."

"प्रश्न भाषणाचा नाही," दादा म्हणाला.

"नाहीच," माझी बायको म्हणाली. ती दादासमोर एरवी फार बोलत नाही. "दादा, तुम्ही सांगता की मी सांगू? वहिनी माझ्याजवळ येऊन रडायच्या. बटणच्या आधी त्यांची दोन गेली. दोन्ही वेळा तुम्ही त्यांना म्हणालात, तुझी श्रद्धा कमी पडते."

"आईचंही झालं होतं?" बटणने विचारलं. हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

दादाने दोन्ही कागदांवर हात ठेवले, वारा नसताना. "ती माझ्याबरोबर पहाटे उठून प्रार्थना करायची," तो म्हणाला. "पाच वर्षं. तू झालीस तेव्हा मला म्हणाली, बघा, झाली ना माझी श्रद्धा पुरी. शेवटपर्यंत तिला तसंच वाटत होतं. हे जर माझ्याकडून आलं असेल, तर..."

 मला इतके दिवस वाटत होतं, हा माणूस सहा हजार वर्षांची राखण करतोय. त्याच्या अंगाशी आलेली वर्षं फक्त पाचच होती.

सोमवारी तो प्रयोगशाळेत आला, बाही दुमडून खुर्चीत बसला. शीर मला सापडेना, तर म्हणाला, "लहानपणीही तुला काही सापडायचं नाही." पुढे दहा दिवस त्याने फोन केला नाही.

अहवाल घ्यायला बटणही शाळेतून परस्पर आली. दादाने कागद उभ्यानेच वाचला. पंचेचाळीस. तेरावं, चौदावं. मग त्याने चष्मा काढला आणि सभागृहातल्यापेक्षा बऱ्याच हळू आवाजात म्हणाला, "तुझी चूक नव्हती. तुझ्या मनातही काही नव्हतं."

"हे तुम्ही कागद यायच्या आधी म्हणायला हवं होतं, बाबा."

सहा हजार वर्षांना त्याने कधी एक पुरावा मागितला नव्हता. पोटच्या पोरीसाठी तीन अहवाल लागले. 

"आता पुढे काय?" त्याने विचारलं. "हा म्हणतो, नीटही होऊ शकतं."

"पुढे काही नाही. आम्ही दोघांनी ठरवलंय. दमलोय आम्ही."

"पण शक्यता..."

"बाबा." तिने त्याच्या दंडावर, रक्त काढल्याच्या जागेच्या जरा वर, हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. तिला शाळेत परत जाऊन शेवटचा तास घ्यायचा होता. ती गेली.

दादा बाकावर बसला. मी शेजारी बसलो. समोरून एक बाई नळ्यांची जाळी घेऊन गेली.

"तिच्या आईची ती दोन," तो म्हणाला. "त्यांच्यातही हेच असणार?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"आता कळायला मार्ग नाही, दादा. तपासायला काही उरलेलं नाही."

"म्हणजे पुरावा नाही."

"नाही."

 त्याने मान हलवली, कोणीतरी समोर उभं असल्यासारखी.

"मानतो," तो म्हणाला.